आठ शिलिंगांचे मूल

दिवाळीला चार दिवस उरले की आमच्या घरी दोन ओझी येऊन पडतात. एक गिरणीतून दळून आणलेली चकलीची भाजणी आणि दुसरे शाळेतून आणलेला सहामाहीच्या पेपरांचा गठ्ठा. दोन्हींची जागा एकच, स्वयंपाकघराबाहेरची पडवी. त्यामुळे दरवर्षी ठरल्या वेळी आतून आवाज येतो, "अहो, ते पेपर उचला बघू आधी! मला इथं करंज्या पसरायच्या आहेत." मी गठ्ठा उचलतो आणि झोपाळ्यावर जाऊन बसतो. तळणाचा वास आणि लाल शाईचा वास यांचे माझ्या मनात असे काही मिश्रण झाले आहे की, एक आला की दुसरा आठवतोच.

मी चित्रकलेचा मास्तर. कसाबसा दहावी झालो. हात बरा चालत होता, म्हणून चित्रकलेच्या परीक्षा देऊन शाळेत लागलो आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहू लागलो. इतिहासाशी माझे नाते निव्वळ वाचकाचे. तेव्हा आज इतिहासावर लिहायला बसलो आहे, हे थोडे धाडसच आहे. पण ते मला दोन वर्षांपूर्वीच्या एका गठ्ठ्याने करायला लावले.

त्या सहामाहीत आठवीच्या वर्गाला मी स्मरणचित्राचा विषय दिला होता, 'आठवड्याचा बाजार'. पहिला कागद उघडला. डाव्या कोपऱ्यात टोपली पुढे घेऊन बसलेली केळीवाली, उजवीकडे झाड, झाडाखाली तराजू धरलेला माणूस, मागे दोन तंबू. चांगले होते. दुसरा कागद उघडला. तीच केळीवाली, तेच झाड, तोच तराजू. तिसऱ्यातही ती बाई बसलेलीच! त्रेचाळीस कागदांपैकी अडतीस कागदांवर ती एकच केळीवाली एकाच कोपऱ्यात बसून माझ्याकडे पाहत होती.

मला हसू आले आणि मग ते विरले. कारण ती बाई माझीच होती. ग्रेड परीक्षांच्या तयारीसाठी मीच ती फळ्यावर काढून दिली होती. इंटरमिजिएट परीक्षेत चांगली श्रेणी मिळाली की दहावीला वाढीव गुण मिळतात. त्यामुळे पालक चित्रकलेच्या मास्तरालाही मान देऊ लागले आहेत. शाळेचा निकाल चांगला लागावा, माझेही नाव व्हावे, म्हणून बाजार, जत्रा, बसस्थानक असे पाचसहा देखावे मी मुलांकडून घोटून घेतले होते. चित्राचे नाव 'स्मरणचित्र', पण त्यात स्मरण होते ते बाजाराचे नव्हे, माझ्या फळ्याचे.

एकच कागद निराळा होता. एका मुलीने बाजार उठल्यानंतरचे मैदान काढले होते. गुंडाळलेली ताडपत्री, कोबीची पडलेली पाने, ती खाणारी एक गाय आणि दूर दिव्याखाली पाठमोरी बसून पैसे मोजणारी एक बाई. गुणांच्या तक्त्यात माणसांची गर्दी, विषयाला धरून असणे, मांडणी, रंग असे रकाने. त्या रकान्यांत हे चित्र बसेना. मी थोडा वेळ कागदाकडे पाहिले आणि दहापैकी चार गुण लिहून मोकळा झालो.

ते चार गुण मला लागून राहिले. परीक्षा ही चीज आली कोठून आणि तिने आम्हां मास्तरांचे असे का करून टाकले, हे शोधण्यासाठी मी पुस्तके चाळू लागलो. त्या चाळण्यातून जी एक गोष्ट हाती लागली, ती सांगतो.

आपल्याकडे पंतोजींच्या जुन्या शाळांत आजच्यासारखी परीक्षा नव्हती. धुळाक्षरे गिरवायची, पाढे-पावकी म्हणायची, मोडी वळवायची आणि हिशेब येऊ लागला की मूल दुकानात किंवा शेतावर जायचे. त्याची परीक्षा बाजार घेई. चुकीचा हिशेब केला तर तोटा त्याचाच. मोठ्या विद्वानांची परीक्षा मात्र होत असे. पेशवाईत श्रावणमासाच्या दक्षिणेसाठी दूरदूरचे शास्त्री-पंडित पुण्यात जमत, त्यांची विद्या पारखली जाई आणि तिच्या मानाने दक्षिणा मिळे. म्हणजे परीक्षेला पैसा जोडणे आपल्याला नवे नाही. पण तेथे उत्तर देणारा जो, तोच पैसे घेणारा. हा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण पुढची सारी गोष्ट त्यावरच फिरते.

आता थोडे इंग्लंडात जाऊ. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तिथे गरिबांच्या मुलांसाठी शाळा निघाल्या होत्या आणि सरकार त्यांना अनुदान देत होते. खर्च वर्षागणिक वाढत होता, पण मुलांना खरोखर लिहितावाचता येते का, हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नव्हते. चौकशीसाठी १८५८ मध्ये न्यूकॅसल कमिशन नेमले गेले. १८६१ मध्ये त्याचा अहवाल आला. त्यात एक बोचरी गोष्ट होती: मास्तरलोक हुशार आणि थोराड मुलांवर मेहनत घेतात, इन्स्पेक्टरापुढे त्यांनाच उभे करतात आणि लहान किंवा मागे पडलेल्या मुलांना तसेच सोडून देतात. आपण शाळामास्तरांनी मनाशी प्रामाणिक राहून सांगावे, हा आरोप खोटा आहे का?

त्यावर रॉबर्ट लो या मंत्र्याने उपाय काढला. हा माणूस मोठा हिशेबी. त्याने १८६२ मध्ये नवे नियम लागू केले. नियम असा की, शाळेला हजेरीपोटी सरासरी दर मुलामागे चार शिलिंग मिळतील. त्यावर सहा वर्षांवरचे जे मूल नेमकी हजेरी भरील, त्याच्यामागे आणखी आठ शिलिंग. पण इन्स्पेक्टर येऊन त्या मुलाची वाचन, लेखन आणि अंकगणित यांत परीक्षा घेणार, आणि ज्या विषयात मूल नापास होईल त्या प्रत्येक विषयामागे दोन शिलिंग आठ पेन्स कापून घेणार. बारा पेन्सांचा शिलिंग, तेव्हा तिन्ही विषयांत मूल बुडाले की आठच्या आठ शिलिंग बुडाले! याला नाव पडले, निकालावर वेतन. पद्धत स्वस्त तरी असेल नाही तर कार्यक्षम तरी असेल, अशा अर्थाचे आश्वासन लोसाहेबाने पार्लमेंटला दिले होते. स्वस्ताईचे वचन त्याने पाळले. अनुदानाचा खर्च सुमारे ८ लाख १३ हजार पौंडांवरून १८६५ पर्यंत सुमारे ६ लाख ३७ हजारांवर आला.

या नियमात काहीच चांगले नव्हते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. आजवर शेवटच्या बाकावर डुलक्या घेणारे पोर अचानक मोलाचे झाले. त्याच्याही डोक्यावर आठ शिलिंग होते! मास्तर त्याच्याजवळ जाऊन बसू लागले, त्याची हजेरी विचारू लागले. प्रत्येक मुलाला किमान काही तरी आलेच पाहिजे, हा आग्रह परीक्षेने धरला, आणि तो आग्रह वाजवी होता. परीक्षेचा हा पहिला गुण: ती विसरलेल्या मुलाची आठवण करून देते.

पण वर्ष-दोन वर्षांत मास्तरांना युक्ती सापडली. इन्स्पेक्टर वाचायला लावील ते पुस्तक ठरलेले. मग वर्षभर ते एकच पुस्तक म्हणून घ्यायचे, इतके की मुले डोळे मिटूनही वाचतील! पुस्तक उलटे धरून धडाधड 'वाचणाऱ्या' मुलांच्या गोष्टी तिकडे पुष्कळ सांगितल्या जात. इतिहास-भूगोलाला पैसे नव्हते, म्हणून पुष्कळ शाळांतून ते विषय मागे पडले. इतके की १८६७ मध्ये जादा विषयांसाठी निराळे अनुदान ठेवावे लागले. जे मोजले जाते तेच शिकवले जाते, हा नियम आपल्या शाळांत चित्रकलेचा तास गणिताला देणाऱ्यांनी शोधून काढलेला नाही. तो जुना आहे.

त्या काळी इंग्लंडात एक शाळा-इन्स्पेक्टर होते, मॅथ्यू अर्नोल्ड. इंग्रजी कवी म्हणून त्यांचे नाव पुष्कळांना ठाऊक असते. पण १८५१ पासून १८८६ पर्यंत, म्हणजे पस्तीस वर्षे, हा कवी गावोगावच्या शाळा तपासत हिंडत होता. त्यांनी सरकारी अहवालांतूनच या पद्धतीवर टीका केली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: मुलाला वाचता न येताही वाचनात आणि हिशेब न येताही हिशेबात उत्तीर्ण करून दाखवणे शक्य असते आणि शाळा आता तेच करीत आहेत. पूर्वी इन्स्पेक्टर शाळेत आला की मुलांशी बोलत असे, शाळेचा जीव कसा आहे हे पाहत असे. आता तो पैसे कापणारा कारकून झाला आहे. पुढे एडमंड होम्स नावाचे दुसरे एक इन्स्पेक्टर झाले. त्यांनी निवृत्त झाल्यावर १९११ मध्ये पुस्तक लिहून हीच पद्धत उघडी पाडली, आणि आपणही आयुष्यभर त्या यंत्राचे एक चाक होतो, हे लपवले नाही. तो कबुलीजबाब वाचताना मला माझी केळीवाली आठवली.

साहेबाच्या देशातले औषध आपल्या देशात यायला वेळ लागत नसे. १८६५ च्या सुमारास, सर अलेक्झांडर ग्रँट मुंबई इलाख्यात शिक्षण खात्याचे डायरेक्टर असताना, इथेही निकालावर अनुदान देण्याची पद्धत सुरू झाली. ग्रँट हे ॲरिस्टॉटलचे नामांकित अभ्यासक. पण तत्त्वज्ञान निराळे आणि तिजोरी निराळी! १८८२ मध्ये हंटर कमिशन आले. त्याने महाविद्यालयांना ही पद्धत नको म्हटले, पण प्राथमिक शाळांना मात्र निकाल पाहून मदत द्यावी, अशी शिफारस केली. जी गोष्ट मोठ्यांना अपायकारक, ती लहानांना हितकर कशी, हे कोडे मला अजून सुटलेले नाही.

त्याच कमिशनपुढे महात्मा जोतीराव फुले यांनी आपले निवेदन दिले होते. त्यांचा प्रश्न परीक्षेच्याही आधीचा होता. सरकारचा महसूल येतो शेतकऱ्यांच्या घामातून आणि शिक्षणाचा पैसा खर्च होतो वरच्या वर्गांवर, हे त्यांनी स्पष्ट बजावले. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, मास्तर कष्टकरी वर्गांतून घ्या, त्यांना पोटापुरता पगार द्या, शिक्षण व्यवहारात उपयोगी पडेल असे द्या, ही त्यांची मागणी. परीक्षा फक्त वर्गात आलेल्या मुलाला मोजते. जे मूल शाळेच्या उंबऱ्यापर्यंत पोचलेच नाही, ते तिच्या कोणत्याच रकान्यात येत नाही. निकालाच्या तक्त्याकडे पाहून शाबासकी देणाऱ्यांनी जोतीरावांचा हा मुद्दा सदैव जवळ ठेवावा.

इंग्लंडने १८९० नंतरच्या दशकात ही पद्धत मोडीत काढली. आपल्याकडे १९०४ च्या शैक्षणिक ठरावात लॉर्ड कर्झनच्या सरकारने परीक्षांचे स्तोम हाताबाहेर गेल्याचे कबूल केले. ठराव झाला, पण धसका गेला नाही. माझे आजोबा आपल्या शाळेची एक गोष्ट सांगत. दिपोटी येणार म्हणून शाळा सारवली होती, दाराला तोरण होते आणि मास्तरांनी मुलांना बजावून ठेवले होते, "साहेबांनी प्रश्न विचारला की सगळ्यांनी हात वर करायचे. ज्याला उत्तर येतं त्यानं उजवा, ज्याला येत नाही त्यानं डावा!" दिपोटीसाहेब खूष होऊन गेले. आजोबा ही गोष्ट हसत हसत सांगत; पण आपण कोणता हात वर केला होता, हे त्यांनी कधी सांगितले नाही.

इथवर वाचून कोणी म्हणेल, "मग मास्तर, परीक्षाच नको ना?" थांबा. नाण्याची दुसरी बाजूही १८६२ सालचीच आहे. इंग्लंडात लोसाहेबाचा नियम सुरू झाला त्याच वर्षी मुंबई विद्यापीठाचे पहिले चार पदवीधर बाहेर पडले: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. निफाडात जन्मलेले रानडे आणि मालवणचे भांडारकर यांना पदवी मिळाली ती घराण्याच्या नावावर नव्हे. परीक्षेच्या कागदाला घराणे दिसत नाही. इंग्लंडात सनदी नोकऱ्या शिफारशीने मिळत, तिथे १८५५ पासून खुली स्पर्धा-परीक्षा सुरू झाली आणि १८६३ मध्ये सत्येंद्रनाथ टागोर त्या परीक्षेतून आय.सी.एस.मध्ये जाणारे पहिले भारतीय ठरले. शिफारशीच्या काळात हे घडते ना.

आणि कॉर्नेलिया सोराबजींची हकीकत पाहा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात मुलग्यांत बसून शिकलेली ही नाशिकची मुलगी मुंबई विद्यापीठाची पहिली स्त्री पदवीधर. अखेरच्या परीक्षेत ती पहिली आली. पहिल्या येणाऱ्याला विलायतेस जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती मिळत असे; ती तिला नाकारण्यात आली, कारण ती स्त्री होती. पुढे लोकांच्या मदतीने ती ऑक्सफर्डला गेली आणि १८९२ मध्ये तिथली कायद्याची परीक्षा देणारी पहिली स्त्री झाली. पदवी मात्र हातात पडायला १९२२ उजाडले! या हकिकतीत अन्याय कोणी केला? परीक्षेने नव्हे. परीक्षेने खरे तेच सांगितले होते. ते ऐकायचे की नाही, हे माणसांनी ठरवले. आणि परीक्षा नसती तर त्या माणसांना निदान शरमिंदे करण्यापुरता तरी पुरावा कोठून आला असता?

म्हणजे एकच परीक्षा एका ठिकाणी दार उघडते आणि दुसऱ्या ठिकाणी पुस्तक उलटे धरायला लावते. फरक कशाने पडतो? माझ्या अल्पमतीप्रमाणे उत्तर त्या आठ शिलिंगांत आहे. रानड्यांनी पेपर लिहिला तो रानड्यांसाठी. यश त्यांचे, अपयशही त्यांचे. लोसाहेबाच्या शाळेतले पोर पेपर लिहीत होते मास्तरांच्या पगारासाठी. उत्तर एकाचे आणि कमाई दुसऱ्याची, असे झाले की परीक्षा मुलाची राहत नाही. मूल परीक्षेचे होते. थर्मामीटर तापाची खबर देतो तोवर कामाचा. तापावर वैद्याची फी ठरू लागली की वैद्य पारा झटकायला शिकतो!

हे केवळ जुन्या काळचे म्हणून सोडून देता येत नाही. अमेरिकेने २००२ मध्ये 'एकही मूल मागे राहू नये' अशा सुंदर नावाचा कायदा केला. हेतू चांगला होता, गरीब आणि काळ्या मुलांकडे शाळांनी दुर्लक्ष करू नये. पण चाचण्यांच्या गुणांवर शाळांची प्रतिष्ठा आणि भवितव्य टांगले गेले. अटलांटा शहरात काय झाले? शिक्षकच मुलांची चुकलेली उत्तरे खोडून बरोबर करू लागले. २०११ मध्ये राज्याच्या चौकशीत ४४ शाळा आणि १७८ शिक्षक-मुख्याध्यापकांची नावे पुढे आली. २०१५ मध्ये अकरा जण न्यायालयात दोषी ठरले. त्याच वर्षी तो कायदाही बदलला. तोट्यात कोण राहिले? ज्या मुलाला वाचता येत नव्हते आणि येते असे कागदावर लिहिले गेले, ते मूल. कारण मग त्याला शिकवायला कोणी आलेच नाही.

आपण उलट्या वाटेनेही जाऊन पाहिले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंत कोणाला नापास करायचे नाही, असे ठरले. कायदा २०१० मध्ये अंमलात आला. मुलांची भीती कमी व्हावी आणि मास्तरांनी वर्षभर बारकाईने पाहत राहावे, हा विचार उत्तम होता. पण पुष्कळ ठिकाणी भीतीबरोबर पाहणेही गेले. नापास नाही, म्हणून चौकशीही नाही! मग २०१९ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि पाचवी-आठवीच्या परीक्षेत नापास झालेल्या मुलाला त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली. आमच्या शिक्षकांच्या खोलीत यावर दोन तट आहेत. मी दोघांनाही एकच विचारतो, "निकाल लागल्यावर तुम्ही मुलाला काय सांगणार? 'तू नापास' एवढंच, की 'तुझं इथं अडलंय, ये, बस, पुन्हा बघू' असं?" दुसरे वाक्य बोलायची तयारी असेल तर परीक्षा खुशाल घ्यावी. नसेल तर घेतली काय आणि न घेतली काय, सारखेच.

आता त्या मुलीचे सांगतो आणि संपवतो. चार गुणांचा तो कागद तिने दिवाळीनंतर हातात घेतला, पाहिला आणि घडी घालून दप्तरात ठेवला. काही बोलली नाही. वार्षिक परीक्षेत मी पुन्हा बाजारच काढायला दिला होता. तिने डाव्या कोपऱ्यात केळीवाली काढली, उजवीकडे झाड, झाडाखाली तराजू. हुबेहूब. तक्त्याप्रमाणे तिला दहापैकी नऊ गुण पडले आणि ते मीच लिहिले. तीस वर्षांत इंग्लंडातल्या इन्स्पेक्टरांना जे कळायला लागले, ते मला त्या नऊ गुणांनी एका दुपारी कळवले.

यंदा मी फळ्यावर काही काढले नाही. जूनमध्ये मुलांना घेऊन खऱ्याच बाजारात दोनदा जाऊन आलो; एकदा भरलेला असताना आणि एकदा उठल्यावर. श्रेणी कदाचित खाली येतील. हेडमास्तर विचारतील, पालकही विचारतील आणि त्यांचे विचारणे चूक नाही, कारण त्या गुणांवर त्यांच्या मुलांचे प्रवेश अवलंबून आहेत. त्यांना काय सांगायचे, ते अजून पुरते ठरलेले नाही.

गठ्ठा पडवीत आहे. आतून करंज्यांची हाक आली आहे. वर एकच कागद उघडून पाहिला. झाड चुकले आहे, तराजू वाकडा आहे आणि कोपऱ्यात केळीवाली नाही. एक म्हातारा आपली चप्पल शोधतो आहे. लाल पेन हातात घेऊन मी मघापासून बसलो आहे.